दिल्ली दोनदा, पोरगी अकरा मिनिटं

अन वरून गावातले लोक मलेच इचारते, "काय व कांताबाई, दिल्ली कशी वाटली?" बंद वाटली, बाप्पा, बंद! सोमवारची दिल्ली म्हणजे नुसतं कुलूप! तुमाले सांगतो, माह्याएवढी दिल्ली या फुलसावंगीत कोणी पाह्यली नसंन, कारण मी एकाच दिवसात दोनदा पाह्यली, सकाळी इकडून तिकडं अन दुपारी तिकडून इकडं, अन दोन्ही खेपेस मी एकच गोष्ट बोंबलून राह्यलती का, अवो, मले दिल्ली नाही पाह्याची, मले माही पोरगी पाह्याची! पण ऐकते कोण?

पोरगी म्हणजे पायल. दिल्लीच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, दोन वर्षं झाले घरी आली नाही, सुट्टीच नाही भेटत म्हणते. रोज फोन करते, हे खोटं नाही सांगत. तोंड दिसते तो फोन. "जयभीम आई, जेवली का?" "जेवली व माय, तू जेवली का?" झालं. पण त्या मोबाईलात पोरगी दिसते किती? गळ्यापरेंत! गळ्याच्या खाली काय चाललं कोणाले मालूम? मागच्या हिवाळ्यात पोरगी जिन्यावरून पडली, पाय मोडला, महिनाभर प्लास्टर, अन मले कळलं कवा? प्लास्टर निघाल्यावर! तेही तिच्या संगं राहणाऱ्या प्रेरणाच्या तोंडून निघून गेलं म्हणून. म्हणजे इचार करा, महिनाभर रोज मी तिच्या तोंडाकडं पाहून "बरी दिसतं व माय" म्हणून राह्यलती, अन खाली प्लास्टर होतं! तवापासून माहा त्या फोनवरचा भरोसाच उडाला. म्हटलं, चालून दाखव. तं तिनं फोन फिरवला, अन मले काय दिसलं? पंखा! छताचा पंखा! पंखा बरा आहे बाप्पा, पंख्याले काही झालं नाही. पण पोरगी लंगडते का नाही लंगडत?

आमचे हे काय म्हणते? "बरी आहे म्हणते ना? मंग बरी आहे." माणसाईचं बरं असते, कानानं ऐकलं का पोट भरते. मी माय आहो, मले डोळ्यानं पाहा लागते. डोक्यापासून पायापरेंत पाहा लागते. चालताना पाहा लागते!

म्हणून आमच्या बचत गटाची दिल्ली-आग्र्याची सहल निघाली, तवा सगळ्यात पह्यलं नाव माहं. गटाची अध्यक्ष इंदूबाई म्हणे, "कांते, तू तं कवा यवतमाळलेही हौसेनं गेली नाही, तुले दिल्ली कायले?" म्हटलं, मले दिल्ली नाही पाह्याची, मले माही पोरगी पाह्याची. ते हसली. हसू दे.

सहल नेणारा दारव्ह्याचा उत्तमसिंग. गोड बोलणारा माणूस, इतका गोड का त्याच्या बोलण्याले मुंगळे लागावं. त्यानं सगळ्याईले एकेक छापील कागद देला. मी चौथी शिकली, मले वाचता येते. मी बोट ठेवून वाचलं: दिल्ली, एक दिवस, दुपारी दोन वाजता इंडिया गेट. झालं, पायलले फोन लावला. तिनं कोणासंग ड्युटी बदलली, कोणाच्या हातापाया पडली, अन दोनापासून चार परेंतचे दोन घंटे काढले. चारच्या पुढं एक मिनिट नाही म्हणे. म्हटलं, दोन घंट्यात मी तुले चार खेपा चालवून पाहीन.

आता ऐका साडीचं. आमच्या इंदूबाईचा नियम, सहलीले गटाच्या बाया एका रंगाच्या साडीत पाह्यजे, कारण का, गर्दीत हरपली तं सापडली पाह्यजे. तिनं यवतमाळवरून बेचाळीस साड्या आणल्या, जांभळ्या, पिवळ्या काठाच्या, सुरतचा माल. अंगावर घेतली का आपण माणूस आहो का वांगं, तेच कळत नाही. अन उत्तमसिंग बसमधी तोंडं नाही मोजे, साड्याच मोजे! "एक जांभळी, दोन जांभळी… बेचाळीस जांभळी, चलो ड्रायव्हरसाहेब!" मी तवाच म्हटलं, उत्तमसिंगभाऊ, माणसाचं तोंड पाहून मोजत जा. तं म्हणे, "मावशी, पंधरा वर्षं झाले, एक बाई हरपू नाही देली." लक्षात ठेवजा हे.

सोमवारी सकाळी दिल्ली चालू झाली. पह्यला लाल किल्ला. बस थांबली, बेचाळीस वांगे खाली उतरले, अन दरवाज्यात पाटी. हिंदीत होती, मीच वाचली: सोमवार को बंद. तिथला पहारेवाला म्हणे, "माताजी, आज सोमवार है, कल आइए." अवो कल आइए म्हणजे? आम्ही काय शेजारच्या गावातून आलो? उत्तमसिंगाच्या तोंडावरची रेष नाही हालली. म्हणे, "बाई, बाहेरूनच पाहा. बाहेरूनच खरा किल्ला दिसते. आत जाऊन तं भिंतीच दिसतात." पाह्यली बाहेरून भिंत. लाल आहे. भल्ली लंबी आहे. झालं.

आता किल्ल्यात जे दोन घंटे जाणार होते ते उरले, तं या माणसानं काय करावं? म्हणे, "टाइम वाचला! चला, इंडिया गेट आत्ताच उरकून टाकू!"

उरकून टाकू! सकाळच्या दहा वाजता! अन माही पोरगी तिथं येणार दोन वाजता! मी जे उभी झाली त्या बसमधी… "भाऊ, कागदावर दोन लिहिलं आहे! मी वाचलं आहे! मले दिल्ली नाही पाह्याची, मले माही पोरगी पाह्याची!" फोन लावतो तं पायल उचलत नाही, ड्युटीवर असली का फोन कपाटात ठेवा लागते म्हणे तिले. तीन खेपा लावला. कपाट काय बोलणार?

इंडिया गेटवर उतरली अन तिथंच बसली खाली, मांडी घालून. म्हटलं, तुमी फिरा दिल्लीभर, मी दोन परेंत इथंच बसतो, येतानी घेऊन जा मले. तं इंदूबाई आली कंबरेवर हात ठेवून. "कांते, ऊठ. गटाची शिस्त आहे. सोबत आलो, सोबत जाऊ." म्हटलं, मी कुठं पळून चालली? माही पोरगी येणार आहे. "तुले काही झालं तं गटाचं नाव खराब होईन. गावात मी काय तोंड दाखवू?" तुहं तोंड, इंदूबाई, रोजच दिसते सगळ्याईले, माह्या पोरीचे पाय दिसत नाहीत! पण दोघीतिघींनी बगलेत हात घालून उचललं मले, जसं का मी धान्याचं पोतं आहो, अन नेऊन टाकलं बसमधी. उत्तमसिंग म्हणे, "मावशी, दोन वाजता परत आणतो ना! वादा!" पंधरा वर्षाचा वादा त्याचा.

मंग ते कमळाचं मंदिर. बंद! सोमवार! मी खिडकीतूनच पाटी वाचली अन बसमधून उतरलीच नाही. बाकी बायाईनं जाळीतून फोटो काढले. अन फोटो कोणाच्या फोननं? माह्या! कारण माहा फोन पायलनं पाठवलेला, त्याचा कॅमेरा साफ. खिडकीखाली येऊन म्हणे, "कांताबाई, एक माहा काढा." "कांताबाई, दोघींचा काढा." ते ममता, उत्तमसिंगाची भाची का कोण, तिनं तं माह्या हातातून फोनच नेला अन कमळासमोर ओठ बाहेर काढून चाळीस फोटो काढले. कुतुबमिनारवर पोहोचता पोहोचता फोनची बॅटरी संपली. काळं तोंड केलं फोननं. अन पायलचा नंबर? फोनमधी! पाठ कोणाले असते आता नंबर? तुमाले आहे का पाठ तुमच्या पोरीचा? सांगा ना! नाही ना? मंग गप ऐका.

कुतुबमिनार तेवढा उघडा होता. उंच आहे. वर चढू देत नाहीत. म्हणजे उघडा असून काय उपयोग? मी एकच इचार करून राह्यलती, बारा वाजले, दोनले दोन घंटे राह्यले, आता बसमधी जाऊन बसतो, कोणी उशीर केला तं दणके देतो. पायखान्याच्या रांगेतून बाहेर आली, समोर बस, दारातून जांभळ्या साड्या चढून राह्यल्या, पिवळे काठ, बिलकुल आमच्याच. मी चढली. मांगच्या बाकावर बसली. डोळे मिटले. बस निघाली. बरं वाटलं.

डोळे उघडले तं बाजूच्या बाईचं तोंड माह्या ओळखीचं नाही.

समोर पाह्यलं. ओळखीचं नाही. मांगं पाह्यलं. मांगं काच होती. आख्ख्या बसमधी एक तोंड ओळखीचं नाही, अन सगळ्या जांभळ्या! बाजूची म्हणे, "अगं बया, तू कोण गं? आपल्यातली न्हाईस वाटतं!" ते निघाली सांगलीकडच्या कोण्या गावाची बस. त्याईचाही बचत गट. त्याईचीही साडी सुरतची! म्हणजे आमची इंदूबाई अन त्याईची इंदूबाई, दोघींची अक्कल एका दुकानात गेली!

मी ओरडली, "थांबवा! उतरवा मले!" आमच्याकडं कसं, एसटीत ओरडलं का कंडक्टर दोरी ओढते, बस थांबते, शिव्या देते पण थांबते. इथं ड्रायव्हरनं वळूनही नाही पाह्यलं. म्हणे, यहाँ नहीं रुक सकते. अवो, मोठ्या रस्त्यावर बस थांबत नाही तं मंग ते रस्ता काय कामाचा?

त्याईचा सहलवाला एक पोक्त माणूस, चष्मेवाला. त्यानं माह्या गळ्यातला बिल्ला पाह्यला, त्यावर उत्तमसिंगाचा नंबर. लावला फोन. अन उत्तमसिंग काय म्हणे? "आमच्या बायका पुऱ्या आहेत साहेब, आत्ताच मोजल्या. बेचाळीस." ऐका! बेचाळीस! म्हणजे मी तिकडं आहोच! मी फोन हिसकला, म्हटलं, "अरे बाबा, मी कांता बोलून राह्यली, तिकडं कोण बसली माह्या जागेवर ते पाह्य!" तं तिकडं निघाली सांगलीची शेवंताबाई. माह्या बाकावर बसून, माह्या खिडकीतून हवा घेऊन राह्यलती.

दोघा माणसाईनं फोनवर ठरवलं: चार वाजता इंडिया गेट. तुमची बाई घ्या, आमची बाई द्या. मी म्हटलं, चार नाही, दोन! दोन वाजता माही पोरगी तिथं येऊन राह्यली, चारले चालली जाते! चष्मेवाला म्हणे, "मावशी, तुमचं खरं हाय. पर आमच्या बायकांनी अजून लाल किल्ला बघितला न्हाई."

"बंद आहे!" मी ओरडली. "कमळाचं मंदिरही बंद आहे! मी पाह्यलं! कुलूप आहे!"

कोणी इश्वास ठेवला? कोणी नाही! बाजूची म्हणे, "आता आलोय तर बाहेरनं बघू की." बाहेरनं बघू की! मंग काय, बाप्पा, कमळाचं मंदिर पुन्हा. तेच जाळीचं गेट. मंग लाल किल्ला पुन्हा. तोच पहारेवाला! त्यानं मले पाह्यलं, साडी पाह्यली, अन हात जोडले, "माताजी, मैंने कहा था, कल आइए." दिल्लीत ओळखीचं म्हणावं असं तोंड तेवढं एकच, अन तेही मले परत पाठवून राह्यलं. सांगलीवाल्या बाया मलेच इचारून राह्यल्या, "मावशी, पुढं काय हाय बघायला?" म्हटलं, कुलूप. "आणि त्याच्या पुढं?" म्हटलं, अवो बायाहो, तुमच्या पाया पडतो, मले दिल्ली नाही पाह्याची, मले माही पोरगी पाह्याची! मंग एकीनं माह्या हातात चिक्कीचा तुकडा ठेवला. भली होती बिचारी. पण चिक्कीनं घड्याळ थांबते का?

दोन वाजले, मी लाल किल्ल्याच्या भिंतीपाशी. अडीच वाजले, गाड्याईच्या गर्दीत. तीन वाजले, त्याच गर्दीत. समोर सायकलरिक्षा, मांगं सायकलरिक्षा, अन मनात काय चाललं होतं सांगू? पोरगी उभी असंन. दोनपासून उभी असंन. त्याच पायावर उभी असंन!

तीन वाजून एकोणपन्नास मिनिटं. बस थांबली. मी शेवटच्या बाकावर, म्हणून सगळ्यात शेवटी उतरली, अन उतरता उतरता दिसलं का समोर सांगलीच्या एका भरल्या अंगाच्या बाईले मांगून येऊन एका पोरीनं गच्च कवळ्यात धरलं, "आई! आई, किती उशीर केला व!" अन ते बाई, "अगं लेकी, सोड की, मी न्हाई गं तुजी आई!"

पायल! माही पायल! साडी पाहून धावली न पोरगी!

मी कशी गेली तिच्यापरेंत मले मालूम नाही. दोन बाया पाडल्या म्हणते. धरली मी तिले. अन मंग सोडलीच नाही. तुमी हसानं, पण सांगतो, डोकं माह्या खांद्यावर, तिची वेणी माह्या हातात, दवाखान्याच्या औषधाचा वास, अन आम्ही दोघीही रडून राह्यलो अन बोलून राह्यलो एकाच टायमाले. म्हणे, "आई, फोन काहून बंद?" म्हटलं, ममतानं खाल्ला. "काय काय पाह्यलं व आई?" म्हटलं, सगळं, दोन दोन खेपा. तं म्हणे, "मी तं काहीच नाही पाह्यलं. दोन वर्षं झाले, ड्युटी अन रूम, रूम अन ड्युटी. इंडिया गेटवरही आजच पह्यल्यांदा आली." आता सांगा! दिल्लीत राहणारी माही पोरगी, अन दिल्ली मी सांगून राह्यली तिले! लाल किल्ल्याची भिंत सांगितली, कमळाचं गेट सांगितलं, पहारेवाल्याचे जोडलेले हात सांगितले. हसली. माह्या खांद्यावरच हसली, मले तिच्या हसण्याचा हादरा लागला. मंग म्हणे, "चल, एक फोटो काढू," तिनं हात लंबा करून काढला एक.

अन तेवढ्यात भोंगा! आमची बस! उत्तमसिंग दारात लटकून, "बाई घ्या! बाई द्या! लवकर करा, पोलीस शिट्टी मारून राह्यला!" शेवंताबाई उतरली, हातात माहा डबा. हो, माहा डबा! पायलसाठी आणलेला, मुंगवड्या अन जवसाची चटणी, माह्या बाकाखाली ठेवलेला. शेवंताबाईले वाटलं, सहलीचंच जेवण आहे. म्हणे, "लई भारी चटणी हाय ताई तुमची!" अर्धी राह्यलती. तेच अर्धी पोरीच्या हातात देली. पायल म्हणे, "आई, चार वाजले, मले ड्युटीवर जा लागते," मी म्हटलं, जाय व माय, इंदूबाईनं माहा हात ओढला, बस हालली.

बाकावर बसली अन तवा, तवा माह्या डोक्यात उजेड पडला.

पाय!

पाय नाही पाह्यले! अकरा मिनिटं पोरीले धरून उभी राह्यली, अन गळ्यात घेतलेली पोरगी दिसते कुठून? चालवून पाह्याची राह्यली! मी खिडकीतून अर्धी बाहेर, "पायल! चाल! जरा इकडं चालून दाखव!" पण गर्दी! हे फुगे, ते भेळवाले, फोटो काढणारे, अन त्यात पायलचं डोकं. नुसतं डोकं! ते डोकं वर खाली, वर खाली होत चाललं होतं. आता तुमीच सांगा, माणूस चालला का डोकं वर खाली होतेच ना? साध्या माणसाचंही होते ना? किती होते? एवढं होते का थोडं जास्त होते? मी आता गावात सगळ्याईची डोकी पाहतो चालताना. आमच्या ह्याईले तं अंगणात सात खेपा चालवलं. त्याईचंही होते वर खाली. पण त्याईचा गुडघा दुखते!

घरी आल्यावर फोन चार्ज केला तं पायलनं पाठवलेला फोटो. तोच, हात लंबा करून काढलेला. सगळ्या गटात गेला. इंदूबाईनं मोठा करून गटाच्या खोलीत भिंतीवर लावला, खाली लिहिलं, दिल्ली सहल. जो येते तो म्हणते, "वा कांताबाई, काय साफ आला इंडिया गेट!" आला ना. पायथ्यापासून माथ्यापरेंत आला, एक दगड सुटला नाही. अन समोर मी अन माही पोरगी… गळ्यापरेंत.

रोज फोन येतेच. "जयभीम आई, जेवली का?" मी म्हणतो, पाय दाखव. पंखा दिसते.

काल गटाची बैठक झाली. इंदूबाई म्हणे, "यंदा पुन्हा दिल्ली करू, या खेपेस मंगळवारी नेऊ, सगळं उघडं राहीन. कोण कोण येते?" सगळ्यात पह्यलं बोट माहं. इंदूबाई चष्म्यावरून पाहून म्हणे, "काय व कांते, दोनदा दिल्ली झाली न तुही? अजून काय पाह्याचं राह्यलं?"

म्हटलं, लिहा माहं नाव. पाय राह्यले.